मांडवा ते तेरेखोल दुचाकीवरून: खाडी, भरती आणि टाकी यांचा हिशेब

कोकणच्या सागरी मार्गावर, म्हणजे मुंबईपलीकडच्या मांडव्यापासून गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत, दुचाकी घेऊन निघालेल्यांचे बेत बहुतेक एकाच कारणाने फसतात. ते किलोमीटर मोजतात. दिवसाला २५० किलोमीटर सहज होतील, असं धरून चालतात. मग दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजताही एखाद्या जेट्टीवर उभे असतात, पुढचं मुक्कामाचं गाव ८० किलोमीटरवर असतं आणि सूर्य मावळायला दोन तास उरलेले असतात. त्यातून अंधारात गाडी हाणणं किंवा सगळं सोडून मुंबई-गोवा महामार्ग गाठणं, एवढंच हातात राहतं. महामार्गावर समुद्र दिसत नाही.

या किनाऱ्यावर रस्त्यापेक्षा खाड्यांना मान जास्त. दर वीस-चाळीस किलोमीटरला एक खाडी आडवी येते. काहींवर पूल आहे, काहींवर जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या वाहून नेणारी सपाट फेरीबोट आहे, आणि काहींना आत जाऊन वळसाच घालावा लागतो. म्हणून बेत खाडी ते खाडी आखायचा. पुढचा सगळा क्रम त्याच हिशेबाने दिला आहे. गाडी १२५ सीसीची असो वा ३५० सीसीची, क्रम तोच.

टप्पा १: महिना आणि दिशा ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. रस्ता कोरडा असतो, सकाळी गारवा असतो, जेट्ट्या बहुधा नियमित चालतात. ऑक्टोबरमध्ये पावसाने उखडलेले रस्ते अजून बुजलेले नसतात आणि ऊनही फार जाळतं. मार्चमध्ये शिमगा येतो. पालख्या रस्त्यावर असतात, पोरं दोरी धरून पोस्त मागायला गाड्या अडवतात. तिथे वेग कमी करून दहा-वीस रुपये देऊन पुढे जायचं. रागावून गाडी रेटू नका, दोरीत हँडल अडकून पडायला वेळ लागत नाही. एप्रिल-मे मध्ये आंब्याचे टेम्पो आणि सुट्टीची गर्दी असते, त्यामुळे राहण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

पावसाळ्यात हा मार्ग देखणा असतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हा जाऊ नये. वारा वाढला की जेट्टी बंद ठेवतात आणि मग तो दिवस वळशात जातो.

आता दिशा. आपण डाव्या बाजूने चालतो आणि समुद्र पश्चिमेला आहे. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे राहतो, मध्ये समोरून येणारी वाहनं. उत्तरेकडे येताना मात्र समुद्र थेट आपल्या बाजूला येतो आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. शिवाय हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेला जाताना दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं. म्हणून कोल्हापूर, सावंतवाडी किंवा गोव्याहून निघणाऱ्यांनी तेरेखोलपासून वर यावं. मुंबईकरांनी मांडव्यापासून खाली जावं, कारण पहिल्या चार दिवसांत चार जेट्ट्या येतात आणि त्या अंगात ताकद असताना झालेल्या बऱ्या. पुणेकरांना ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगरला उतरणं सोपं. सगळा किनारा एकाच फेरीत करायलाच हवा असं नाही. तीन दिवस असतील तर दोन-तीन खाड्यांचाच तुकडा घ्या आणि तो नीट करा.

टप्पा २: खाडी ते खाडी मुक्काम मांडा

वहीत किंवा फोनमध्ये गावांची उभी यादी करा आणि प्रत्येक खाडीपुढे पूल, जेट्टी किंवा वळसा असं लिहा. उत्तर-दक्षिण क्रम असा लागतो. अंतरं साधारण आहेत, किनाऱ्याचा रस्ता धरून.

पहिला दिवस: मांडवा, अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरुड. सुमारे ७० किलोमीटर. मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसह मांडव्याला साधारण तासाभरात पोचता येतं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळेल या भरवशावर राहू नका. रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवर पूल आहे, पलीकडे साळाव.

दुसरा दिवस: मुरुड, आगरदांडा, जेट्टीने दिघी, दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. सुमारे ७०. दिवेआगरहून श्रीवर्धनला आतून जाणारा रस्ताही आहे, पण शेखाडीचा धरा. त्या पट्ट्यात रस्ता थेट पाण्याच्या कडेने जातो आणि या अख्ख्या प्रवासात तसं सुख फार ठिकाणी नाही.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर, बागमांडला, जेट्टीने वेसवी, बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोलीजवळचं मुरुड. सुमारे ७०. आकडा लहान दिसतो म्हणून उशिरा निघू नका. हा सगळा चढ-उतारांचा आणि अरुंद वळणांचा भाग आहे.

चौथा दिवस: मुरुड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ, जेट्टीने धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जेट्टीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. सव्वाशेच्या आसपास. एका दिवसात दोन जेट्ट्या असलेला हा एकच दिवस, आणि वेळ चुकण्याचे प्रकार सर्वांत जास्त याच दिवशी होतात. सकाळी सातच्या आत निघा. घाई नको असेल तर गुहागरला मुक्काम करून याचे दोन दिवस करा. आमच्या मते तेच योग्य.

पाचवा दिवस: गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, भाट्ये पूल, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, जैतापूर, देवगड. दीडशेच्या आसपास. आज जेट्टी नाही, पण अंतर मोठं आहे. विजयदुर्ग पाहायचा असेल तर तो खाडीच्या मुखावरचा शेवट आहे, जाऊन त्याच रस्त्याने मागे फिरावं लागतं. त्यासाठी विजयदुर्गला किंवा जवळपास मुक्काम ठेवा. एकाच दिवसात हा फाटा आणि देवगड जमवू नका.

सहावा दिवस: देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. जेमतेम ५०-६०. मुद्दाम हलका ठेवलेला दिवस. चेन, ब्रेक, कपडे, झोप सगळं यात उरकून घ्या.

सातवा दिवस: मालवण, परुळे, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, तेरेखोल. सुमारे ८०. देवबाग ही खाडी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी जीभ आहे, तिथून पुढे रस्ता नाही, मालवणकडे मागे यावं लागतं. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला असला तरी गोव्याच्या हद्दीत आहे.

सावधान, नावं दोनदा येतात. मुरुड दोन आहेत: एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात, दुसरं दापोली तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्यात. वेळासही दोन: एक दिघी-दिवेआगरच्या वाटेवर श्रीवर्धन तालुक्यात, दुसरं बाणकोटजवळ मंडणगड तालुक्यात, कासवांसाठी प्रसिद्ध असलेलं. राहण्याची जागा ठरवताना आणि फोनमध्ये गाव टाकताना तालुका पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. भलत्याच मुरुडात खोली घेऊन पैसे भरणारे दर हंगामात भेटतात.

वेगाचा हिशेब तासाला २५ ते ३० किलोमीटर धरा. यात फोटो, चहा, जेट्टीची वाट यांचा वेळ नाही. सरळ रस्त्यावर ६० चा काटा दिसेल, पण पुढच्याच वाडीत १५ वर यावं लागतं. ज्या दिवशी जेट्टी आहे त्या दिवशी प्रत्येक जेट्टीमागे एक तास वेगळा काढा, मग प्रत्यक्षात बोट दहा-पंधरा मिनिटांतच पलीकडे पोचवो.

टप्पा ३: नकाशा फोनमध्ये नीट बसवा

फोनला फक्त शेवटचं गाव सांगितलं की तो सर्वांत जलद वाट शोधतो आणि तुम्हाला राष्ट्रीय महामार्ग ६६ वर नेऊन सोडतो. म्हणून वरच्या यादीतली गावं एकामागून एक थांबे म्हणून टाका. जेट्टी हाही एक थांबा असतो: 'दाभोळ' असं न टाकता 'दाभोळ जेट्टी' टाका, नाहीतर गावातल्या बाजारात नेऊन उभं करील. 'फेरी टाळा' अशी खूण चुकून चालू राहिलेली नाही ना, तेही पाहा. ती चालू असेल तर पन्नास-साठ किलोमीटरचा वळसा आपोआप पदरात पडतो.

नकाशा आधीच उतरवून ठेवा. खाड्यांच्या उतारावर आणि सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, रेंज जाते.

आणखी एक धोका फक्त कोकणात येतो. नकाशावर बारीक रेघ दिसते, ती पाखाडी असू शकते: चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पायऱ्यांची, दोन्ही बाजूंनी गडगे (दगडी कुंपणाच्या भिंती) असलेली पायवाट. उतारावर भरलेली गाडी घेऊन पाखाडीच्या तोंडाशी पोचलात तर तिथे वळवायलाही जागा नसते. डांबर संपून चिरा किंवा सिमेंटचा चिंचोळा उतार सुरू झाला की थांबा, एकाने पायी पुढे जाऊन पाहा. आणि सरळ माणसाला विचारा. 'पुढं गाडी जाते का?' एवढंच विचारू नका, कारण स्कूटरही गाडीच. 'एसटी जाते का?' असं विचारा. एसटी जात असेल तर तुमची गाडी जाणारच.

तपासा: निघण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या जेट्टीवर फोन करून पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता ते विचारून घ्या. प्रत्येक जेट्टीची वेळ वेगळी, दुपारी जेवणाची सुट्टी वेगळी. सागरी महामार्गावर नव्या पुलांची आणि रुंदीकरणाची कामं निघत असतात, तेव्हा जेट्टीकडे जाणारा रस्ता चालू आहे का हेही त्याच फोनवर विचारा. मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

टप्पा ४: भरती-ओहोटी मांडा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि मग पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पोचल्यावर पाणी थेट सुरूच्या बनाला लागलेलं दिसतं.

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला, ओहोटी सुमारे सहा तासांनी, नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा ते बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी संध्याकाळी सव्वापाच ते सहाला. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक पाहा. पण बेत आखायला तिथी पुरते, आणि ती घरच्या कालनिर्णयावर असतेच.

याचा उपयोग काय? संध्याकाळी रुंद पुळणीवर चालायचं असेल तर प्रवास पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दोन-तीन दिवस आगेमागे ठेवा. मात्र तेच उधाणाचे दिवस. पाणी फार चढतं आणि फार उतरतं, त्यामुळे ओहोटीला जेट्टीचा धक्का बोटीपेक्षा उंच राहतो आणि फळीचा उतार तीव्र होतो. ज्यांची गाडी जड आहे किंवा मागे माणूस बसणार आहे, त्यांना अष्टमीच्या आसपासचे, भांगाच्या भरतीचे, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचे, दिवस सोपे जातात.

सावधान: हरिहरेश्वरच्या देवळामागची समुद्राकडची प्रदक्षिणा फक्त ओहोटीला करा. भरतीच्या लाटेने खडकावरून माणसं ओढली गेली आहेत. पाणी पुन्हा चढायला लागलेलं दिसलं की अर्ध्यावरूनही मागे फिरा.

टप्पा ५: गाडी तयार करा, पण आदल्या दिवशी नव्हे

गाडीचं काम निघण्याच्या आठवडाभर आधी करा आणि त्यानंतर ५०-१०० किलोमीटर चालवून पाहा. आदल्या रात्री नवी क्लच केबल किंवा नवे ब्रेक पॅड टाकून निघालात, तर बसवण्यातली चूक कुठल्यातरी घाटात कळेल.

टायर: मधल्या खाचांतली झीज दाखवणारी उंचवटी टायरच्या पृष्ठाला लागली असेल तर टायर बदला. इथे लाल मातीचा थर आणि जांभ्याची बारीक खडी वळणावर पसरलेली असते, झिजलेला टायर तिथे क्षणात निसटतो. हवा थंड टायरमध्ये, चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी. सामान आणि मागे माणूस असेल तर त्याच स्टिकरवरचा दुसरा, जास्तीचा आकडा घ्या.

ब्रेक: उतार लहान पण खडे आहेत. मागच्या ड्रम ब्रेकची समायोजनाची दांडी शेवटाला आली असेल तर शू बदलून घ्या. डिस्क असेल तर पॅड निम्म्याहून कमी उरला असताना निघू नका.

चेन: खालच्या बाजूला मध्यभागी वरखाली साधारण २५ ते ३५ मिलिमीटर खेळ असावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत. चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागत असेल तर ती संपली आहे. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

सोबत ठेवायचं: एक क्लच केबल आणि एक ॲक्सिलरेटर केबल, स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, दोन-दोन फ्यूज, चेनलॉक (चेन जोडणारी कडी), ८ ते १७ चे पाने, ट्यूबलेस असेल तर पाच-सहा पट्ट्यांचा पंक्चर किट, ट्यूब असेल तर एक जादा ट्यूब आणि लिव्हर, छोटा पंप. तांब्याची तार आणि इन्सुलेशन टेप. क्लच केबल फक्त पिशवीत नको. नवी केबल जुन्या केबलच्या बाजूने टाकीखालून आधीच ओढून, दोन्ही टोकं टेपने बांधून ठेवा. मग तुटली तर टाकी न काढता दहा मिनिटांत जोडता येते.

कागद: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजीलॉकर चालतं, पण रेंज नसेल म्हणून झेरॉक्स ठेवा. हेल्मेट दोघांनाही.

टप्पा ६: सामान बांधा

जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ, म्हणजे सॅडलबॅगच्या तळाशी. मागच्या कॅरिअरवर फक्त हलकं: झोपायचं पांघरूण, कपडे. जड बॅग मागे उंचावर बांधली की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि चिखलात हँडल ऐकत नाही. बंजी दोरीपेक्षा बकलचे पट्टे बरे, बंजी खड्ड्यागणिक ढिली होते आणि तिचा हूक चाकात गेला तर मागचं चाक जाम होतं. बांधून झाल्यावर बॅग धरून गाडी हलवा. बॅगेबरोबर गाडी हलली पाहिजे, बॅग एकटी हलता कामा नये.

पहिल्या ५ किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा.

दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. जेट्टीच्या खिडकीवर आणि वाडीतल्या दुकानात फोनने पैसे जातीलच असं नाही.

टप्पा ७: रोजचा क्रम

सकाळी हवा, चेन, दिवे पाहून साडेसहा-सातला निघा. गाव सोडण्याआधी टाकीकडे पाहा. नियम सोपा: प्रत्येक तालुक्याच्या गावात टाकी भरायची, अर्धी असली तरी. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला इथे पंप आहेत. तिसऱ्या दिवसाकडे खास लक्ष द्या: श्रीवर्धनला भरून निघायचं आणि थेट दापोलीपर्यंत पुरेल असंच धरायचं. हर्णैहून दापोली १६ किलोमीटर आत आहे, तेव्हा मुरुडला मुक्काम असला तरी पेट्रोलसाठी तो फेरा ठेवावा लागू शकतो. बाटलीत पेट्रोल घेऊन जेट्टीवर चढू नका.

सकाळच्या चार तासांत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर संपवा. दुपारी बाराच्या आत मुक्कामाच्या घरी फोन करून किती माणसं जेवणार आणि मासे की शाकाहारी ते सांगा. घरगुती खाणावळीत मोजून मासे आणतात, मोजून भाकऱ्या होतात. संध्याकाळी सातला पोचून पाच ताटं मागितली तर त्या बाईंना पुन्हा चूल पेटवावी लागते, आणि तुम्हाला वरणभातावर भागवावं लागतं.

डिसेंबरात सहानंतर सूर्य मावळतो. साडेपाचला मुक्कामी असायलाच हवं. अंधारात या रस्त्यांना कडेची पांढरी रेघ नसते, डांबराची कड अर्धा फूट तुटलेली असते आणि उबेला गुरं रस्त्यावर बसतात. काळी म्हैस दिव्यात उशिरा दिसते.

टप्पा ८: जेट्टीवर गाडी चढवणं आणि उतरवणं

गाडी आडवी पडण्याचे सर्वाधिक प्रकार इथे होतात, रस्त्यावर नव्हे. धक्क्याच्या ज्या भागावर भरतीचं पाणी येऊन जातं तिथे शेवाळ असतं. बोटीची लोखंडी फळी ओली असते. या दोहोंवर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं.

१. फेरीच्या वीस मिनिटं आधी पोचा. आधी तिकीट, मग रांग. दुचाकी आधी घ्यायच्या की चारचाकीनंतर हे बोटीवरचा माणूस ठरवतो. त्याची खूण होईपर्यंत उतारावर जाऊ नका.

२. मागे बसलेल्याला उतरवा. तो पायी चढेल.

३. बोट पूर्ण टेकली आणि सगळी वाहनं उतरली की पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा धरून, डावा पाय जमिनीजवळ आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेवून सरळ जा. वेग आवरायला मागचा ब्रेक आणि इंजिन. पुढच्या ब्रेकला हात नको.

४. धक्का आणि फळी यांच्यामधली फट चाकाला काटकोनात ओलांडा. तिरकं गेलं तर चाक फटीत वळतं.

५. आत गेल्यावर गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवून इंजिन बंद करा आणि साइड स्टँडवर उभी करा. पुढच्या ब्रेकचा लिव्हर जाड रबराने किंवा पट्ट्याने हँडलला ओढून बांधा. लाटेने बोट हलली तरी गाडी पुढेमागे सरकत नाही. ओल्या पत्र्यावर मेन स्टँड घसरतो, तो टाळा.

६. गाडीजवळच उभे राहा. फोटोसाठी वरच्या मजल्यावर जायचं तर एकाने तरी खाली थांबावं.

७. पलीकडे फळी पूर्ण खाली टेकेपर्यंत इंजिन सुरू करू नका. ब्रेकचं रबर काढलंय का, स्टँड वर आहे का, हे पाहूनच निघा. रबर विसरून जोर लावणारे गाडी जागच्या जागी आडवी करतात.

तपासा: उतरल्यावर धक्क्याचा चढ संपेपर्यंत कुठेही थांबू नका. मागून येणाऱ्या गाडीला तिथे थांबायला जागा नसते.

चार-पाचांहून जास्त गाड्या असतील तर एका फेरीत सगळ्या बसतील असं धरू नका. दोन तुकड्या करा आणि पलीकडच्या धक्क्यावर नव्हे, तर पुढच्या गावातल्या चहाच्या टपरीवर भेटायचं ठरवा.

टप्पा ९: रस्त्याची चाल

आंधळ्या वळणावर एसटी पूर्ण रस्ता घेऊन येते. तिला दुसरा मार्गच नसतो, तेवढीच रुंदी आहे. वळणाआधी हॉर्न द्या, डावी कड धरा, आवाज ऐकू आला तर थांबून तिला वाट द्या. चिऱ्यांनी भरलेले ट्रक चढावर अगदी हळू असतात. वळणावर ओलांडू नका, सड्यावर रस्ता मोकळा दिसेपर्यंत मागे राहा.

दर वाडीत एकच घडण: सडा, मग खडा उतार, तळाला नदी किंवा ओढ्याचा साकव (छोटा पूल), मग लगेच चढ. उतारावर तिसऱ्या-दुसऱ्या गियरमध्ये उतरा, न्यूट्रलमध्ये कधीच नाही. साकवावर वाळू आणि ओल असते, तिथे हँडल सरळ ठेवा. चढासाठी गियर तळालाच कमी करा, अर्ध्या चढावर नव्हे.

दिवेआगर, केळशी, गुहागरसारख्या आगरांच्या गावांत गल्ली दोन गडग्यांच्या मध्ये असते. नारळ-सुपारीच्या वाडीतून मुलं, कोंबड्या, सायकली अचानक येतात. १५-२० चा वेग. आणि सुकत घातलेली सुपारी किंवा मासळी रस्त्याच्या कडेला असली तर तिच्यावरून गाडी नेऊ नका, ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे.

अपघात झाला तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. ठिकाण सांगताना जवळच्या गावाबरोबर तालुकाही सांगा.

टप्पा १०: गाडी पुळणीवर नेऊ नका

ओल्या वाळूवर चाक चालतं म्हणून उतरतात, मऊ पट्टा लागला की मागचं चाक अर्धं रुततं, आणि मग भरती गाडीपर्यंत येते. खारं पाणी बेअरिंग आणि वायरिंगमध्ये एकदा शिरलं की गाडीची दुखणी महिनोन् महिने निघत राहतात. त्याहून मोठं कारण म्हणजे वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळूवर चाक फिरलं तर घरटं चिरडतं आणि चाकोरीत पिल्लू अडकून समुद्रापर्यंत पोचत नाही. गाडी सुरूच्या बनाअलीकडे, पक्क्या जमिनीवर उभी करा. स्टँडखाली चपटा दगड किंवा नारळाची सोडणं ठेवा, नाहीतर स्टँड रुतून ती आडवी होते.

चुकून रुतलीच तर ॲक्सिलरेटर पिळू नका. सामान उतरवा, मागच्या टायरची हवा निम्मी करा, चाकापुढे झावळ्या टाका आणि एकाने चालवत, दोघांनी मागून ढकलत काढा. बाहेर आल्यावर हवा भरायला विसरू नका.

टप्पा ११: संध्याकाळी मीठ धुवा

किनाऱ्याची हवाच खारी असते, त्यामुळे गाडी वाळूवर गेली नाही तरी चेन आणि डिस्कवर रात्रीत तांबूस थर येतो. रोज मुक्कामी पोचल्यावर यजमानांना विचारून विहिरीचं गोडं पाणी एक-दोन बादल्या घ्या. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी गाडी गार होऊ द्या, मग बादलीने आणि मगाने पाणी सोडा: चेन, चाकं, स्टँडचा सांधा, सायलेन्सरची खालची बाजू. जोराचा पाइप चाकाच्या मध्यावर मारू नका, सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये जातं. फडक्याने चेन पुसा. अंगणात दोन-तीन फेऱ्या मारून उरलेलं पाणी झटका आणि ब्रेक सुकवा. त्यानंतरच चेनच्या आतल्या बाजूला वंगण, चाक हाताने फिरवत, इंजिन बंद ठेवून. चालू इंजिनवर चेनजवळ बोटं नेऊन लोक बोटं गमावतात. न धुता वरून वंगण मारलं तर मीठ आणि वाळू त्यातच अडकतात आणि चेन कानशीसारखी घासते. वंगण रात्रीच लावा, सकाळपर्यंत मुरतं. डिस्कवर थेंबही उडता कामा नये.

घरी परतल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून पूर्ण धुऊन घ्या. बॅटरीची टोकं, केबलची टोकं, लिव्हरचे पिव्हट यांना ग्रीस लावा, स्पोकची चाकं असतील तर निपलजवळ गंज पाहा, आणि ब्रेक पॅड काढून त्यात अडकलेली वाळू झटका.